एकाच पायाची सूज

माणूस पायानं मरतो हे मला सत्तरी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. साप चावला तर मरतो, साखरेच्या आजारात पाय सडला तर मरतो, एवढं ऐकून होतो. पण धडधाकट बाई, बुधवारी सकाळी पायलीभर ज्वारी पाखडून ठेवते, दुपारी म्हणते पोटरीत गोळा आला, आणि रविवारी दुपारी जाते. हे कसं? मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत. भिंत का पडली हे मला लांबून बघून सांगता येतं. पंचफुला कशानं गेली हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. कळलं, पण अजून पटत नाही. आठ महिने झाले. अजून चहाला आधण ठेवताना दोन कप पाणी टाकतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

पंचफुला माझी बायको. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. उंचीला इतकी बुटकी की खाटेवर बसली तर पाय जमिनीला टेकायचे नाहीत, लहान पोरीसारखे लोंबकळायचे. आवाज मात्र असा की ती आमच्या ओट्यावर बोलली की बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्याला ऐकू जायचं. दुसरी शिकलेली. अक्षर जुळवत वाचायची, पण वाचायची. साडीच्या दुकानातली एक जाड पिशवी तिच्याकडं होती, त्यात साऱ्या गल्लीचे दवाखान्याचे कागद. कुणाची रक्ताची चिठ्ठी, कुणाचा छातीचा फोटो, कुणाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. कुणाला दवाखान्यात जायचं असलं की आधी नवऱ्याला विचारायचे नाहीत, पंचफुलाला विचारायचे. ती मिसरी लावून तोंड धुवायची, पिशवी काखेत मारायची आणि निघायची. लोक तिला दवाखान्याची वकील म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण दाखवायची नाही.

हे तिला कुठून लागलं ते सांगतो. आमचं पहिलं लेकरू चार महिन्यांचं होऊन गेलं. ताप होता. डॉक्टरनं बाटली दिली, जा म्हणाला, आम्ही आलो. दुसऱ्या दिवशी लेकरू दूध ओढेना. आम्हाला वाटलं, औषध चालूच आहे, गुण येईल. नंतर मोठ्या दवाखान्यात म्हणाले, दूध सोडलं तेव्हाच आणायचं होतं. पंचफुला तिथंच म्हणाली, "मंग तवाच कुनी सांगितलं न्हाई?" त्या दिवसापासून ती कोणत्याही डॉक्टरसमोर बसली की उठायच्या आधी एक प्रश्न विचारायची. "साहेब, घाबरायचं कवा?" म्हणजे कोणती खूण दिसली की पळत यायचं. तो सांगेपर्यंत ती स्टूल सोडायची नाही. काही डॉक्टर हसायचे, काही चिडायचे, पण सांगायचे.

शेजारच्या कौसाबाईची सून सविता बाळंत झाली तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. सविता म्हणाली, डोकं फुटायलंय, डोळ्यापुढं काजवे चमकायलेत. सिस्टरबाई म्हणाली, बाळंतिणीचं डोकं दुखतंच. पंचफुलानं पदर खोचला आणि वॉर्डाच्या दारात मांडी घालून बसली.

"मावशी, उठा. रस्ता अडवू नका."

"रस्ता न्हाई माय, मी दार अडवलंय. पोरीचं बीपी मोजा, मी उठते."

"सकाळी मोजलंय."

"सकाळी मी बी जवान होते. आता मोजा."

सिस्टरबाईला हसू आलं. हसत हसत मोजलं आणि हसणं थांबलं. बीपी लय वर गेलं होतं. सविता अजून चार दिवस तिथंच राहिली. तिची पोरगी आता अंगणवाडीत जाते आणि आमच्या ओट्यावर चिखल घेऊन येते.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तर तिनं माझी शोभाच केली. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं होतं. हिनं सकाळीच माझ्या उजव्या भुवईवर काजळाची ही एवढी जाड रेघ ओढली. मी म्हटलं, "अगं, तमाशात जायलोय का मी?" तर म्हणे, "तिथं पन्नास म्हातारे सारखेच दिसतेत. चुकून चांगला डोळा फोडला तर तुमी काय म्हननार न्हाईत. भिंतीशी बोलून बोलून भिंत झालेत तुमी." डॉक्टरनं रेघ बघितली, विचारलं, हे काय? मी मान खाली घातली. ती दारातून ओरडली, "खून हाय साहेब, उजवा!" डॉक्टर म्हणाले, आम्ही पण खूण करतो मावशी. ती म्हणाली, "मंग दोन झाल्या."

खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटायची. डॉक्टरसमोर बसलो की माझी मान आपोआप खाली जाते. शिकलेला माणूस, त्याचा वख्त घेऊ नये, सांगेल ते घ्यावं आणि उठावं. आमच्या बापाचा तोच शिरस्ता होता. ही मात्र बोलायची.

गेल्या थंडीत आमच्या भागातून बुद्धगयेला गाडी निघाली. दहा दिवसांची सहल. पंचफुलाची लय वर्षांची इच्छा. तिनं पांढरी साडी घेतली, मला पांढरा सदरा शिवायला लावला. गाडीत आमची जागा मागून दुसऱ्या रांगेत. सीट उंच. हिचे पाय खाली टेकेनात. सीटची कड गुडघ्यामागं रुतायची. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस, मधे रोज सहा-सहा तास, झोपायचं बसूनच.

आणि आमच्या बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरगी आपोआप शिकते. गाडी थांबते तिथं आडोसा नसतो आणि आडोसा असतो तिथं गाडी थांबत नाही. पंचफुला दुसऱ्या बायांसाठी भांडायची.

"अय दादा, थांबव गाडी. म्हातारीला उतरायचंय."

"मावशी, अर्धा तास झाला, आताच थांबवली होती."

"तवा तुला लागली होती. आता तिला लागली."

सारी गाडी हसली. ड्रायव्हरनं थांबवली. म्हातारी उतरली, चार बाया उतरल्या, ही बसूनच. मी म्हटलं, तू का नाही उतरत? जरा पाय तरी मोकळे कर. तर म्हणाली, "घोटभर बी पानी पिले न्हाई, उतरून काय करू? आन् पिले तर माझ्यासाठी पुन्ना कोन थांबवंल गाडी?" दुसऱ्याचं मागायला तिचा घसा मोकळा होता. स्वतःचं मागायची वेळ आली की आवाज बसायचा. हे मला एक्केचाळीस वर्षांच्या संसारात दिसलं नाही. आता दिसतं.

सोमवारी आम्ही परत आलो. बुधवारी ती म्हणाली, डाव्या पोटरीत गोळा आला. मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. गुरुवारी सकाळी उठली तर डाव्या पायातली तोरडी रुतून बसलेली. उजव्यातली फिरत होती. तिनं पोटरीला हात लावला, माझा हात ओढून लावला. "बघा. हा गरम लागायलाय. ह्यो न्हाई." मला लागला गरम. मी म्हटलं, उन्हात बसली असशील.

मग तिनं काय केलं? खुंटीला माझी गवंडीकामाची दोरी टांगलेली असते. तिनं तिचा एक तुकडा तोडला. उजव्या पोटरीला गुंडाळला आणि जिथं पुरला तिथं गाठ मारली. तोच तुकडा डाव्या पोटरीला, तिथं दुसरी गाठ. दोन गाठींत दोन बोटांचं अंतर पडलं. मला दाखवून म्हणाली, "आता काय म्हनता मिस्तरी?" चाळीस वर्षं मी हाताखालच्या माणसांवर ओरडलोय, डोळ्यावर जाऊ नका, दोरी लावा, दोरी सांगेल ते खरं.

बाजारगावातल्या डॉक्टरकडं गेलो. चांगला माणूस. त्याच्या घराची कंपाउंडची भिंत मी बांधलेली, तो मला नावानं ओळखतो. हीच गोष्ट मला आडवी आली. आत गेलो तर त्यानं तिला नाही, मला विचारलं, "काय मिस्तरी, काय म्हणता?"

आणि मीच सांगितलं, "काही न्हाई साहेब. गयेला जाऊन आलो. पाय दुखायलाय हिचा."

"अवो, मला सांगू द्या की," ती म्हणाली. "साहेब, एकच पाय हाय. डावा. गरम लागायलाय. दुसरा चांगला हाय. ही बघा दोरी, मी माप घेतलंय." आणि तिनं तो तुकडा टेबलावर, त्याच्या पेनाशेजारी ठेवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर माणसं. मी म्हटलं, "उचल ते. डॉक्टर हायत ते, शिंपी न्हाईत."

बाहेरची माणसं हसली. डॉक्टरही हसला. हसल्यावर त्याचं दोरीकडं लक्षच राहिलं नाही. मी विनोद केला आणि तिची खूण पुसून टाकली. डॉक्टर म्हणाला, "वय झालं मावशी. दहा दिवस फिरलात, सूज येणारच. इंजेक्शन देतो, मलम देतो. चोळा जरा."

ती म्हणाली, "बरं साहेब. पन घाबरायचं..."

मी तिचा दंड धरला आणि उठवलं. "चल. बाहेर माणसं खोळंबलेत."

सविताच्या वेळी दार अडवून बसलेली बाई. माझा हात लागला आणि उठली. दोरी पिशवीत टाकली. घराच्या वळणावर आलो. मग म्हणाली, "माझ्या जागी सविता असती ना, तर मी त्या स्टुलावरनं हालले नसते."

मी म्हटलं, "मंग हालायचं न्हाई."

"तुमी हात धरला की."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस संध्याकाळी मी तिचा पाय चोळला. मोहरीचं तेल, त्यात लसूण कढवलेला. माझे हात विटा उचललेले, त्यांना हळू माहीत नाही. ती म्हणायची, "हळू, दुखायलंय." मी म्हणायचो, "दुखलं तरच मोकळं होतं." मला वाटायचं मी सेवा करतोय. एक्केचाळीस वर्षांत कधी तिचे पाय धरले नव्हते, आता धरतोय, म्हणून मनातून बरंही वाटत होतं. हे लिहिताना माझे मलाच हात नको झालेत.

रविवारी सकाळी ती नळावरून अर्धी कळशी घेऊन आली आणि ओट्यावरच बसली. कळशी हातातून सुटली. ती उचलायला वाकली नाही.

"दम भरायला. श्वास घेतला की इथं बरगडीत टोचायलंय."

मी म्हटलं, वायू झाला. ओवा-मीठ दिलं. तिनं चावलं, दोनदा खोकली, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चपला घाला."

"कुठं?"

"परभनीला. ह्येच्याकडं न्हाई."

"आज रविवार हाय. उद्या जाऊ सकाळच्या गाडीनं."

"नळावरनंच आटो सांगितलाय मी. तुमाला यायचं तर या, न्हाई तर बसा. आज मला कुनाला हात धरू द्यायचा न्हाई."

रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती आणि हलक्या आवाजात म्हणत होती, दहा दिवस बस, पाणी नाही, डावा पाय, गरम, दोरी, इंजेक्शन, चोळलं, दम. शाळेतल्या पोरीनं पाठ करावं तसं. मधेच विचारलं, "किती दिवस चोळलं तुमी?"

"तीन."

"मी सांगनार हाय बरं. लपवायचं न्हाई." तोंड घामानं ओलं, ओठ पांढरे, थंडीचे दिवस. मी पदरानं तिचं तोंड पुसलं. रिक्षावाल्याला म्हटलं, हाण. तो म्हणाला, मिस्तरी, रस्ता बघायलाव ना.

मोठ्या दवाखान्यात तिला ढकलगाडीवर आत नेलं. मी बाहेर. अर्धा तासही झाला नसेल. एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तरुण, माझ्या नातीपेक्षा थोड्या मोठ्या. म्हणाल्या, बाबा, मावशी गेल्या. मी म्हटलं, कुठं? खरंच विचारलं मी. मला वाटलं दुसऱ्या खोलीत नेलं.

त्यांनी मला खाली बसवलं, स्वतःही बाकावर बसल्या. म्हणाल्या, पायाच्या आतल्या शिरेत रक्त गोठलं होतं. रक्ताची गुठळी. लांबचा प्रवास, पाय लोंबकळलेले, पाणी नाही, त्यानं होतं. ती गुठळी सुटली आणि रक्ताबरोबर वर जाऊन फुप्फुसात अडकली. म्हणून दम लागला.

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, पण दुखत तर पाय होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चिडल्या नाहीत.

मी विचारलं, "गुरुवारी आनलं असतं तर?"

"पायाची सोनोग्राफी केली असती. त्यात दिसतं बहुतेक. मग रक्त पातळ करायचं औषध चालू केलं असतं."

"लय वेळ लागतो का त्या सोनोग्राफीला?"

"नाही बाबा. पंधरा-वीस मिनिटं."

पंधरा-वीस मिनिटं. त्या गुरुवारी मी डॉक्टरच्या बाकावर त्याहून जास्त वेळ बसून होतो.

मग मी ते विचारलं. "मी चोळलं, त्यानं सुटली का?"

"खात्रीनं सांगता येत नाही. न चोळताही सुटते. पण असा पाय चोळायचा नसतो, एवढं खरं."

दुसरं कुणी असतं तर नाही म्हणालं असतं. या बाई खोटं बोलल्या नाहीत. पंचफुलाला त्या आवडल्या असत्या.

दोन आठवड्यांनी तो बाजारगावचा डॉक्टर मला रस्त्यात भेटला. गाडी थांबवून म्हणाला, मिस्तरी, मावशीचा पाय काय म्हणतो? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "गेली ती साहेब. पायात गुठळी होती. दोरी बघायला पाहिजे होती. तुमी बी आन् मी बी." तो गाडीतून उतरला. मला त्याचा राग येईना, कारण दोरी टेबलावर ठेवली होती तिनं आणि उचलायला लावली होती मी. नंतर ऐकलं, आता तो कुणाचा एक पाय सुजला की आधी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावतो आणि लगेच परभणीला पाठवतो. करू द्या. चांगलं आहे.

मी पण गल्लीत सांगत सुटलोय, लोक कंटाळले तरी. एकच पाय सुजला, पोटरी दुखायली, हाताला गरम लागायली, रंग बदलला, तर वय झालं म्हणून बसू नका. आधी कुठं लांब गेलात का, ऑपरेशन झालं का, बाळंतपण झालं का, अंथरुणाला खिळून होतात का, हे डॉक्टरनं विचारलं नाही तरी तुम्हीच सांगा. तोंडानं विचारा, गुठळी तर नाही ना? चोळू नका. त्यात दम लागला, छातीत टोचायलं, खोकल्यात रक्त आलं, चक्कर आली, तर उद्याची गाडी बघू नका, असाल तसे निघा. गाडीत पाणी प्या. ड्रायव्हर ओरडला तर ओरडू द्या. आणि नवऱ्यांनो, बायकोनं डॉक्टरपुढं तोंड उघडलं की तुम्ही आपलं बंद ठेवा. कौसाबाई परवा म्हणाली, "भाऊजी, तुमी तर पंचफुलाबाईवानी बोलायलाव."

तिला मी शेवटचं बघितलं ते दवाखान्याच्या त्या दारात. ढकलगाडीवर आडवी, बुटकी म्हणून अर्धी गाडी रिकामी. दम इतका की दोन शब्द आणि मग थांबणं. मी सवयीनं पुढं झालो, म्हटलं, "बाई, हिला काय झालंय..." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या तिच्या तोंडाजवळ वाकल्या, हातात पेन, आणि म्हणाल्या, "बोला मावशी. तुम्हीच सांगा. मी ऐकतेय."

पंचफुलानं मान वळवून मला एकदा बघितलं. रागानं नाही. ऐकलं का, असं. मग बाईंकडं तोंड केलं. "डावा पाय," ती म्हणाली. श्वास घेतला. "एकच."

गाडी आत गेली. दार लागलं तेव्हा ती बोलतच होती.